संकटानंतरचा बाजार : व्यापाऱ्यास काय विचारावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर राजकारणावर बोलावे. व्यापाऱ्यांच्या पाहणीसारखा रुक्ष विषय येथे कशाला, असे मनात येणे साहजिक आहे. पण आमच्या मते हा विषय आपल्या गावच्या पेठेइतकाच आपल्या जवळचा आहे. महापूर येतो, भूकंप होतो, पाऊस पाठ फिरवतो, कोठे लढाई पेटते. आणि हजारो माणसे एकाएकी अन्नाला महाग होतात. त्यांना धान्य द्यावे की पैसा द्यावा, हा निर्णय फार थोड्या दिवसांत घ्यावा लागतो. तो चुकला तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. हा निर्णय घेण्यास जी माहिती लागते, तिच्यातील बरीचशी सरकारी कचेरीतल्या कागदांत सापडत नाही. ती व्यापाऱ्याच्या गादीवर, त्याच्या वहीत आणि त्याच्या डोक्यात असते. ती कशी मिळवावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आजच्या जगात बहुतेक माणसे अन्न विकत घेऊन खातात. शहरातला कामगार तर घेतोच, पण शेतमजूर घेतो, आणि अल्पभूधारक शेतकरीही वर्षातील काही महिने दुकानाची पायरी चढतो. तेव्हा चूल विझण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, बाजारात धान्य नाही. दुसरे, बाजारात धान्य आहे, पण ते घेण्यास हातात पैसा नाही. उपाशी माणसाकडे पाहून यांतले कारण कोणते हे कळत नाही. दोन्हीकडे पोट सारखेच खपाटीला गेलेले असते. उपाय मात्र अगदी निराळे आहेत. रस्ते शाबूत आहेत, व्यापारी माल आणू शकतो, आणि तरीही आपण बाहेरून धान्याच्या राशी आणून फुकट वाटल्या, तर दुकानदाराचा माल पडून राहतो, भाव कोसळतो आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्या पदरी नुकसान येते. समुद्रापलीकडून धान्य आणावयाचे तर त्यास कित्येक महिने लागतात, हे निराळेच. याच्या उलट, रस्ता तुटलेला आहे, वखार रिकामी आहे, आणि आपण घरोघर पैसे वाटले, तर त्याच थोड्या पोत्यांमागे अधिक पैसा धावू लागतो. भाव चढतो, आणि ज्याचे नाव मदतीच्या यादीत नाही त्याचे हाल दुप्पट होतात.

हे केवळ तर्कशास्त्र नव्हे. बंगालचा इतिहास पाहा. १९४२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास तांदूळ मणास तेरा-चौदा रुपये होता. १९४३ च्या मे महिन्यात तो तीस रुपयांच्या वर गेला. ब्रह्मदेश शत्रूच्या हाती पडला होता, मेदिनीपुरास वादळाने झोडपले होते, युद्धाच्या खर्चामुळे पैसा वाढला होता. आणि खेड्यातल्या मजुराची मजुरी मात्र या भावामागे धावू शकली नाही. अशा वेळी तेथील सरकारने काय केले? साठेबाजांनी धान्य दडवले आहे असे गृहीत धरून १९४३ च्या जूनमध्ये गावोगाव झडतीची मोहीम काढली. मोठे साठे हाती लागले नाहीत. आणि गंमत अशी की, ज्या कलकत्ता व हावडा शहरांत मोठ्या पेढ्या होत्या ती शहरे त्या मोहिमेतून प्रथम वगळलेली होती. पुढे दुष्काळ चौकशी समितीने मृत्यूंचा आकडा सुमारे पंधरा लाख दिला. अमर्त्य सेन यांच्या हिशेबाने तो तीस लाखांच्या घरात जातो. झडतीची काठी घेऊन विचारलेल्या प्रश्नास व्यापारी खरे उत्तर देत नाही, एवढा बोध त्या मोहिमेतून घेण्यासारखा आहे.

त्याच भूमीवर, म्हणजे आताच्या बांगलादेशात, १९७४ साली महापूर आला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुष्काळांवरील ग्रंथात सेन यांनी दाखवून दिले की, १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत दर माणशी धान्य सर्वांत अधिक होते ते नेमके १९७४ मध्ये! मग माणसे मेली कशी? पुराने लावणीची कामे बुडाली, मजुरांचा रोजगार गेला. पीक फार बुडाले या समजुतीने व्यापाऱ्यांनी माल धरून ठेवला. हानी प्रत्यक्षाहून मोठी समजली गेली, असे मार्टिन रॅव्हालियन या अर्थशास्त्रज्ञाने पुढे भावांच्या अभ्यासावरून दाखवले. म्हणजे नुकसान झालेले पीक कापणीला येण्यापूर्वीच दुष्काळ पडला. अधिकृत आकडा सव्वीस हजार मृत्यूंचा आहे. इतरांचे अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत.

आता १९९८ साल घ्या. पुन्हा बांगलादेश, पुन्हा पूर, आणि पूर्वीहून मोठा. देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, आणि पाणी आठवडेच्या आठवडे हटेना. वीस लाख टनांहून अधिक तांदळाचे पीक बुडाले. पण या वेळी दुष्काळ पडला नाही. कारण काही वर्षांपूर्वीच खाजगी व्यापाऱ्यांस तांदूळ आयात करण्याची मोकळीक मिळाली होती. भारतातून लहानमोठ्या व्यापाऱ्यांनी सीमेपलीकडे तांदूळ नेला. सरकारने त्यांना आडकाठी न करता वाट मोकळी ठेवली. सरकारी आयातीच्या कितीतरी पट माल या लोकांनी आणला, आणि बांगलादेशातला भाव भारतातून माल आणण्यास जो खर्च येतो त्याच्या फार वर गेला नाही. तरीही एक गोष्ट विसरू नये. ज्यांचा रोजगार बुडाला त्या गरीब कुटुंबांनी कर्ज काढून पोट भरले, आणि ते कर्ज पुढे कितीतरी महिने फेडत बसले. बाजार सावरला म्हणजे माणूस सावरला असे नव्हे.

एकाच देशातले हे दोन पूर समोर ठेवले म्हणजे प्रश्न स्पष्ट होतो. संकट आले की, या खेपेस बाजार माल आणील की नाही, हे आपणांस कसे कळावे? १९७४ च्या वाटेने जात आहोत की १९९८ च्या, हे पुढे इतिहासकार सांगतील. पण गरज असते ती त्याच आठवड्यात. यास उत्तर एकच : ज्यांनी माल आणावयाचा त्यांना जाऊन विचारावे, आणि विचारण्याची तयारी आधी करून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

तयारीतले पहिले काम संकटापूर्वीचे आहे. नेहमीचा बाजार कसा असतो, हे लिहून ठेवलेले असावे. ज्वारीचा भाव सुगीनंतर उतरतो व पावसाळ्यात चढतो, हे आपण सारे जाणतो. पुरानंतर ऑगस्टात कोणी सांगितले की भाव वाढला, तर तो पुरामुळे वाढला की दरसालच्या रीतीने वाढला? मागील तीन-चार वर्षांचे महिनेवार भाव हाती नसतील तर याचे उत्तर देता येत नाही. भावाबरोबरच आठवडे बाजार कोणत्या गावी व कोणत्या वारी भरतो, तेथे धान्याची दुकाने किती, माल कोठून येतो, कोणत्या रस्त्याने येतो, गाडीभाडे काय पडते, याची एक वही असावी. ही वही करण्यास फार खर्च लागत नाही. लागते ती चिकाटी.

दुसरे काम, बाजार निवडण्याचे. पाहणी करणारे मोटारीतून जातात आणि डांबरी सडकेवरची गावे पाहून परततात, हा दोष जुनाच आहे. खरी अडचण सडकेपासून दूर असते. म्हणून मालाची वाट धरून चालावे. पीडित गावचा आठवडे बाजार, त्यास माल पुरवणारी तालुक्याची पेठ, तिला पुरवणारा जिल्ह्याचा बाजार, आणि जेथे धान्य पिकते तो मुलूख, अशी ही साखळी असते. तिची कोणती कडी तुटली आहे ते शोधावयाचे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, हे येथे पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी ज्या गावात पाण्याचा थेंब शिरला नाही त्या गावचे दुकानही रिकामे पडू शकते, कारण त्याची कडी दुसरीकडे तुटलेली असते. २०१० साली काही मदतसंस्थांनी मिळून बाजाराचे नकाशे काढण्याची एक रीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि त्याच साली हैतीमधील भूकंपानंतर ती वापरली. नकाशे दोन काढावयाचे, एक संकटापूर्वीचा व एक नंतरचा. दोन्ही शेजारी ठेवले की तुटलेली जागा डोळ्यांना दिसते.

तिसरे काम, माणसे निवडण्याचे. घाऊक व्यापारी गावात पाच-सातच असतील तर सर्वांना भेटावे. किरकोळ दुकानदार शंभर-दोनशे असतील तर गल्लीगल्लीने प्रत्येक दहावे दुकान घ्यावे. ओळखीचे किंवा गोड बोलणारे तेवढे घेऊ नये. बंद असलेले दुकान ओलांडून पुढचे उघडे दुकान घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. बंद दुकान हीच सर्वांत महत्त्वाची बातमी असते. ते का बंद आहे? माल भिजला, मालक गाव सोडून गेला, की गिऱ्हाईकच नाही? शेजाऱ्यास विचारून ते लिहून घ्यावे. शिवाय हुंडेकरी, ट्रकवाला, हमाल, गिरणीवाला आणि रस्त्याच्या कडेला भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई यांना वगळू नये. अडत्या सांगेल की वाहतूक सुरळीत आहे. पण हमालास काल किती पोती उतरवली हे विचारले म्हणजे खरे काय ते कळते. आणि प्रत्येक दुकानदारास, तू माल कोणाकडून घेतोस, हे विचारावेच. वीस दुकानांची उत्तरे एकाच वखारीकडे बोट दाखवू लागली, तर दुकाने वीस असली तरी व्यापारी एक आहे असे समजावे. तो मनात आणील तेव्हा भाव चढवू शकतो.

आता प्रश्न कोणते? व्यापाऱ्याचा वेळ म्हणजे पैसा, हे ध्यानात ठेवून अर्ध्या तासात आटोपेल एवढेच विचारावे. बाजाराच्या ऐन गर्दीत जाऊ नये. "तुमच्याकडे किती पोती आहेत?" या प्रश्नाने सुरुवात केली की व्यापारी सावध होतो, आणि १९४३ ची कथा ऐकल्यावर त्यास दोष तरी कसा द्यावा? त्याऐवजी विचारावे : आजच्या खपाप्रमाणे तुमचा माल किती दिवस पुरेल? मागणी नोंदवल्यापासून माल दुकानी येण्यास पूर्वी किती दिवस लागत, आता किती लागतात? भाडे किती वाढले? वरचा व्यापारी पूर्वीप्रमाणे उधारीवर माल देतो का, की आता रोख मागतो? तुमची गिऱ्हाइकांकडे उधारी वाढली का? धंद्यात आज सर्वांत मोठी अडचण कोणती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. पाहणी करणाऱ्याच्या मनात रस्ता असतो, आणि व्यापारी सांगतो की रस्ता ठीक आहे, माझे भांडवल पुरात गेले.

पण या सर्वांचा कळस असा एक प्रश्न आहे. "उद्यापासून या पेठेत गिऱ्हाईक सव्वापट झाले, दीडपट झाले, दुप्पट झाले, तर तेवढा माल तुम्ही आणू शकाल काय? किती दिवसांत? आणि भाव वाढवावा लागेल काय?" पैसा वाटावा की नाही याचा निकाल या उत्तरांच्या बेरजेवर अवलंबून आहे. हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आधी थोडे गणित करून जावे. समजा, हजार कुटुंबे पीडित आहेत आणि प्रत्येकात पाच माणसे आहेत. दर माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य धरले तर कुटुंबास दोन किलो, म्हणजे रोजचे वीस क्विंटल आणि आठवड्याचे एकशे चाळीस क्विंटल लागतील. म्हणजे चौदा टन. दोन ट्रकांचा माल. आता घाऊक व्यापाऱ्यासमोर बसून विचारता येते की, दर आठवड्यास दोन ट्रक जादा आणाल का? त्यास हा प्रश्न समजतो, कारण तो त्याच्या भाषेतला आहे. "येथील बाजाराची क्षमता काय आहे?" असे विचारले तर तो फक्त चहा मागवील.

विचारणारा कोण असावा, हेही ठरवावे लागते. पुरवठा खात्याचा किंवा कर खात्याचा माणूस बरोबर नसावा. व्यापारातले शब्द ज्याला कळतात, तोल-मापाची ज्याला जाण आहे, असा स्थानिक माणूस असावा. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. सांगितलेले नावानिशी कोठे जाणार नाही असे वचन द्यावे आणि ते पाळावे. नफा किती, कर किती, हे विचारूच नये. त्याचा भुकेशी संबंध नाही आणि विश्वास मात्र उडतो.

यावर कोणी म्हणेल, व्यापारी खरे सांगेल कशावरून? तो आवळा देऊन कोहळा काढणारा! शंका रास्त आहे. सरकारी कंत्राटाची आशा असेल तर तो म्हणेल, वाटेल तेवढा माल आणतो. भाड्यात सवलत हवी असेल तर म्हणेल, रस्ता फार खराब आहे. पण म्हणून विचारणे सोडावयाचे नाही, पडताळून पाहावयाचे. त्याने सांगितलेला भाव गिऱ्हाईक होऊन दुसऱ्याने विचारावा. नाक्यावर उभे राहून येणारे ट्रक मोजावेत. घाऊक व्यापाऱ्याचे म्हणणे किरकोळ दुकानदाराच्या म्हणण्याशी ताडून पाहावे. आणि एक माप सर्वांहून सोपे आहे : एका दिवसाच्या मजुरीत किती किलो धान्य येते? पूर्वी आठ किलो येत होते आणि आता तीन येते, हे कळले की धान्याचा भाव व मजुरी या दोहोंची हकीकत एकदम कळते. व्यापाऱ्यास चोर समजणारी पाहणी फसते, तशीच त्यास साधू समजणारीही फसते. त्यास साक्षीदार समजावे आणि साक्षीदाराची करतात तशी उलटतपासणी करावी.

उत्तरे मिळाल्यावर निर्णयाची वाट सरळ आहे. २००९ साली ख्रिस्तोफर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोन प्रश्नांत मांडली. स्थानिक बाजार नीट चालतो आहे काय? चालत असेल तर पैसा द्यावा. नसेल, तर जवळपासच्या मुलखात विकत घेता येईल असे धान्य आहे काय? असेल तर ते तेथून घेऊन पोचवावे. नसेल तर दुरून आणावे. यात आम्ही एकच भर घालू. कधी कधी मदत गिऱ्हाइकास न देता साखळीच्या तुटलेल्या कडीस द्यावी लागते : एक पूल, एक होडी, लहान दुकानदारास थोडे भांडवल. आणि पाहणी एकदाच करून भागत नाही. पहिल्या आठवड्यात केलेली पाहणी महिन्याने शिळी होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी.

उशिराचे फळ काय असते ते सोमालियाने दाखवले. तेथील दक्षिण भागात सशस्त्र गटांमुळे जागतिक अन्न कार्यक्रमास २०१० च्या आरंभी काम थांबवावे लागले होते. पुढे पाऊस गेला. पैसा देण्याचा मार्ग उघडा होता. पण बाजार एवढा माल आणील काय, ही शंका इतर कारणांत मिसळून महिने गेले. २०११ च्या जुलैत दुष्काळ जाहीर झाला, आणि मग हवाल्याच्या पेढ्यांमार्फत लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पैसा दिला गेला. व्यापाऱ्यांनी धान्य आणले. परंतु ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे दोन लाख अठ्ठावन्न हजार माणसे गेली, आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. जो प्रश्न व्यापाऱ्यांना अर्ध्या तासात विचारता येतो, तो वेळेवर विचारून त्याच्या उत्तरावर विसंबणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून समजावे.

या पाहणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुकानात जो येतच नाही, त्याची हकीकत दुकानदारास ठाऊक नसते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे घरी जाऊनच पाहावे लागते. व्यापाऱ्यांची पाहणी धान्य येईल की नाही हे सांगते. ते कोणाच्या ताटात पडेल हे सांगत नाही. आपल्या महाराष्ट्राने हा धडा १९७२ च्या दुष्काळात गिरवला आहे. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून मिळालेली मजुरी हातात आली, आणि त्या मजुरीच्या ओढीने धान्यबंदीच्या सरहद्दी ओलांडूनही धान्य दुष्काळी भागात येत राहिले. पुढे १९७७ च्या रोजगार हमीच्या कायद्याने काम मागण्याचा हक्क येथे कायम झाला. ऐपत आणि आवक या दोन बैलांची ही जोडी आहे. एकाच बैलावर गाडी चालत नाही.

श्रोतेहो, आपल्या शहरात बाजार समिती आहे, व्यापारी मंडळ आहे, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणारी मुले आहेत. या तिघांनी मिळून आसपासच्या दहा-पंधरा आठवडे बाजारांची एक वही सुरू केली, दर महिन्यास भाव, आवक आणि मजुरी लिहून ठेवली, आणि व्यापाऱ्यांशी संकट नसताना ओळख वाढवली, तर पुढच्या पुरात येणाऱ्या मदतपथकास चाचपडावे लागणार नाही. पूर कोणत्या साली येईल हे आपल्या हाती नाही. त्या वेळी ही वही तयार असावी, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.